रिकाम्या हाती परत येऊ नये

१

आपलं काम नेमकं काय, हे सासूबाईंना समजावण्याचा नाद तिने लग्नानंतर वर्षभरातच सोडला होता. "कॉम्प्युटरवर लिहिते," एवढ्यावर दोघींचं भागत होतं.

खरं तर काम फार अवघड नव्हतंच. हल्ली कंपन्यांकडे एजंट असतात. एजंट म्हणजे माणूस नव्हे, सांगितलेलं काम आपलं आपण उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी टूल्स असतात: एक मेल पाठवणारं, एक हिशेब करणारं, एक वेबसाइटवरून फोटो उतरवून आणणारं. कुठलं कधी वापरायचं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येक टूलला चार ओळींचं वर्णन असतं, अगदी साध्या भाषेत. हे काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, काय घेऊन परत यावं. त्या चार ओळी ती लिहायची.

"नव्या माणसाला काम समजावून सांगायचं, तसं," नवरा मित्रांना सांगायचा. तिला ते पटायचं नाही. नवा माणूस निदान डोकं चालवतो. एजंट अक्षराला अक्षर धरून चालतो. 'सगळे फोटो आण' म्हटलं, तर पानावरची बटणं आणि रेघोट्यासुद्धा पोतंभर गोळा करून आणेल. आपण जे लिहायला विसरलो, ते त्याच्या जगात नसतंच.

या कामात ती चांगली होती, कारण ती जन्माची घाबरट होती. काय काय चुकू शकतं याचा विचार इतरांना बसून करावा लागतो. तिचा तो दात घासतानाच सुरू व्हायचा. मूल झाल्यापासून तर ब्रश तोंडात जायच्याही आधी.

या वेळचं टूल फोटो उतरवणारंच होतं. गिऱ्हाइकाची तक्रार अशी, की एजंट नमुन्याचा फोटो घेऊन जातो आणि सारखा 'सापडला नाही' म्हणत परत येतो. तिने थोडा विचार करून वर्णनात भर घातली: 'नेमका फोटो मिळाला नाही, तर सर्वांत मिळताजुळता आणावा. रिकाम्या हाती परत येऊ नये.'

वर्णनं तपासणारा टेस्टर दुसऱ्या शहरात बसायचा आणि कुणाचं कधी कौतुक करायचा नाही. त्याने अंगठा पाठवला. ती दिवसभर हवेत होती.

२

मुलगी साडेतीन वर्षांची. कागदोपत्री तिला एक छानसं नाव होतं, पण पायाला जागा म्हणून माहीत नव्हती, तेव्हा सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. बूट घाल म्हटलं की "का?", बूट काढ म्हटलं की "का?". खिडकी दिसली की चवड्यांवर उभी राहून, काचेला नाक चिकटवून, श्वासाने काच पांढरी करायची. घरातल्या सगळ्या काचांवर तिच्या नाकाचे ठसे होते.

त्या मंगळवारी गिऱ्हाइकाशी चाललेला कॉल लांबला, आणि कानात इअरफोन घालूनच ती पाळणाघरात पोचली. पाळणाघरवाल्या मावशी मागच्या दारी कुणाच्या तरी बाबांशी बोलत होत्या. झोपायच्या खोलीत पडदे ओढलेले होते. छोट्या गाद्यांच्या रांगेत एकच गादी भरलेली, डोक्यावरून पांघरूण. तिने वाकून पोरीला पांघरुणासकट खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने दप्तर उचललं.

"म्हणजे काहीतरी घेऊनच येणार ना तो?" गिऱ्हाईक कानात विचारत होतं.

"हो हो, नक्की," ती म्हणाली, आणि चालू लागली.

तोंड बघितलं नाही. आपलंच मूल उचलताना कोण तोंड बघतं? वजनावरून कळतं, मानेच्या वासावरून कळतं.

३

त्यानंतर भिंगरी शहाण्यासारखी वागायला लागली.

बूट घाल म्हटलं की घालायची. दूध पी म्हटलं की प्यायची, पेला रिकामा होईस्तोवर, न थांबता. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? चार पोरांत राहिली की वळण लागतं." तिलाही बरं वाटलं. वाटायलाच हवं. तीन वर्षं जिच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावलो, ती एकदाची बसली तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. पार्सल घ्यायला जाताना ती भिंगरीला म्हणाली, "इथे स्टुलावर बस हं." मग पार्सल, मग त्यातली मोडकी वस्तू, मग त्या मोडक्या वस्तूवरून दुकानदाराशी भांडण. दोन कॉल. चहा. कधीतरी तिला जाणवलं की घरात आवाजच नाही.

भिंगरी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. तिच्याखालचं स्टूल ओलं झालं होतं, आणि ओघळ फरशीवर उतरून वाळायलाही लागला होता.

"अगं! शू लागली तर उठायचं ना!"

"तू 'ऊठ' नाही म्हणालीस," भिंगरी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतीच माहिती दिल्यासारखं.

तिने पोरीला छातीशी धरलं आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. कसली आई तू. पण शिव्या घालता घालता तिच्या मनात एक फालतू विचार डोकावला: हे बोलणं आपण कुठेतरी ऐकलंय. रोज ऐकतो. कामावर.

४

नवं वाक्य कसं चालतंय हे बघायला घरचीच परीक्षा बरी. मावशी दिवसभर मुलांचे फोटो काढून पालकांसाठीच्या पानावर टाकायच्या. सोमवारी रात्री तिने एजंटला भिंगरीचा मागच्या महिन्यातला फोटो दिला आणि सांगितलं, या मुलीचे आजचे फोटो त्या पानावरून उतरवून आण.

आले. ठोकळे रचणारी भिंगरी, केळं खाणारी भिंगरी, हात धुवायच्या रांगेत भिंगरी. आणि शेवटी आणखी एक.

खोली रिकामी होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. ओढलेल्या पडद्यांच्या कडेने मावळतीचा उजेड. आणि पडद्याला पाठ टेकून भिंगरी उभी होती, अनवाणी. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती, कुणाची तरी वाट बघावी तशी. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजले होते.

साडेसहाला भिंगरी बाथरूममध्ये होती. हिच्यासमोर, अंगभर साबण लावून.

घड्याळ बंद असेल, ती मनाशी म्हणाली. जुना फोटो असेल. तिने ते पान स्वतः उघडून वरपासून खालपर्यंत पाहिलं; तिथे हा फोटो नव्हताच. दुसऱ्या दिवशी भिंगरीला सोडताना तिने मान वर करून घड्याळ पाहिलं. मिनिटाला मिनिट बरोबर.

"काय हो भिंगरीची आई, घड्याळ विकत घ्यायचंय का?" मावशी हसल्या. त्यांच्याकडे प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची आई असायची.

"मावशी, संध्याकाळी सगळी मुलं गेल्यावर फोटो काढता का हो तुम्ही?"

"कुणाचे? खुर्च्यांचे?" मावशींनी कमरेची किल्ली वाजवून दाखवली. "सहाला कुलूप घालते आणि वर घरी जाऊन पाय पसरते. पोरं गेल्यावर तर मी ह्या खोलीकडे बघतसुद्धा नाही. दिवसभराचा गोंगाट भिंतीत साठून राहिल्यासारखा वाटतो."

टेस्टरला तिने फोटो पाठवला. तो म्हणाला, "टूल फोटो बनवत नाही, मॅडम, फक्त उतरवतं. पत्ता त्याच पानाचा दिसतोय. तुमचंच ते वाक्य भोवलंय बघा. नेमका नाही मिळाला म्हणून दुसऱ्याच कुठल्या पोरीचा घेऊन आला असेल. आणलेला फोटो नेमका की मिळताजुळता, हे सांगायची अटच नाही घातलीत तुम्ही."

तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. खरंच की! हाताला लागेल ते आणायला सांगितलं, पण जे आणलं ते हवं तेच आहे का, हे सांगायला नाही सांगितलं. शिकाऊ माणसाची चूक. आणि आपण काय काय मनात आणत बसलो.

तिने वर्णनात एक ओळ वाढवली: 'प्रत्येक फोटोखाली नेमका किंवा मिळताजुळता असे लिहावे.'

५

ठोकळे रचणारी भिंगरी: मिळताजुळता.

जेवणारी भिंगरी: मिळताजुळता.

आज सकाळी हिनेच घातलेल्या हिरव्या फ्रॉकमधली, हिनेच घातलेल्या दोन वेण्यांची भिंगरी: मिळताजुळता.

रिकामी खोली, उलट्या खुर्च्या, पडद्याशी अनवाणी उभी असलेली मुलगी: नेमका.

तिने पुन्हा चालवून पाहिलं. मग नमुन्याचा फोटो बदलून पाहिलं. मग एजंटला पाळणाघरातून बाहेर काढून घरच्या अल्बमकडे पाठवलं, जिथे दोघांच्याही फोनमधले फोटो आपोआप जमा होत. पाळण्यातली भिंगरी, नेमका. पहिलं पाऊल, नेमका. पहिल्या दातापासून शेवटच्या हट्टापर्यंत सगळे नेमका, नेमका, नेमका. त्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारनंतर एकही नाही.

"अगं, तूच लिहिलंस आणि तूच घाबरतेस?" नवरा म्हणाला. तो कपडे वाळत घालत होता. चिमटा दातात धरून बोलत होता. "मशीन आहे ते. माझा फोन मला दाढी वाढली की ओळखत नाही."

"मग फक्त मंगळवारनंतरचेच कसे?"

"वेण्या कधीपासून घालायला लागलीस तिला? आधी बसायची तरी का ती वेण्या घालायला?"

हे खरं होतं. आधी बसायची नाही.

"असं कर," तो चिमटा काढून हसला, "स्वतःचा फोटो घाल त्यात. बघू, तू तरी नेमकी आहेस का."

ती हसली नाही. आतल्या खोलीतून भिंगरीचा आवाज येत नव्हता. दोघांनाही एकदमच जाणवलं, की आपण हळू आवाजात बोलतोय.

६

भिंगरीच्या हनुवटीखाली एक खूण होती. चालायला लागली तेव्हा बादलीच्या काठावर आपटून टाके पडले होते. ती खूण फोटोत येत नाही. मान वर केल्याशिवाय दिसतच नाही. हिच्याशिवाय, नवऱ्याशिवाय आणि त्या डॉक्टरांशिवाय कुणाला ठाऊकही नसेल.

सकाळी वेण्या घालताना तिने ठरवलं, सहज बघितल्यासारखं करायचं. मग आपल्या या वेडेपणावर एकदाचा पडदा पडेल. ती समोर येऊन गुडघ्यांवर बसली, रिबीन बांधल्यासारखं केलं. काय म्हणायचं याची तोंडात जुळवाजुळव चालली होती.

भिंगरीने आपणहून मान वर केली.

"हे बघायचंय ना?" ती म्हणाली.

खूण होती. जिथे असायला हवी तिथेच, जेवढी असायला हवी तेवढीच. तिने अंगठ्याने चाचपून पाहिली. कातडी ऊबदार होती. खालची नस शांतपणे उडत होती.

"बघून झालं का?" भिंगरीने विचारलं. मान तशीच वर. ती 'हो' म्हणेपर्यंत तशीच.

७

रविवारी नवरा केस कापायला गेला. तिने लॅपटॉप उघडला आणि मिळत्याजुळत्याचं ते वाक्य संपूर्ण पुसून टाकलं. आता नेमका मिळाला तरच आणायचा, नाही तर मुकाट रिकाम्या हाती यायचं. रिकाम्या हातीच ये, ती मनात म्हणाली. कृपा कर आणि काहीही आणू नकोस. रविवार आहे. पाळणाघर बंद आहे.

एक फोटो आला. झोपायची खोली. गाद्या गुंडाळून भिंतीशी लावलेल्या. भर सकाळचं ऊन. मुलगी या वेळी पडद्याच्या पलीकडे होती. खालून फक्त दोन अनवाणी पावलं दिसत होती, चवड्यांवर उचललेली.

तिने चपला घातल्या. भिंगरी दारात येऊन उभी राहिलीच होती.

"माझा हात धर. आणि सोडू नकोस हं, रस्ता आहे," ती म्हणाली. सवयीने म्हणाली.

मावशी वरून केस पुसतच खाली आल्या. "रविवारी पण चैन नाही का हो, भिंगरीची आई? काय राहिलंय म्हणता?"

"पांघरूण," ती म्हणाली.

"ते तर तुम्ही केव्हाच घेऊन गेलात." तरीही मावशींनी कुलूप काढलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. "जा बघा आत. मी इथेच आहे."

खोलीत फिनेलचा आणि झोपलेल्या मुलांचा वास होता. गाद्या भिंतीशी. पडदा ओढलेला. आणि पडद्याच्या खालच्या कडेपाशी, फरशीवर, दोन पावलं. टाचा उचललेल्या. डाव्या टाचेला बूट चावून पडलेला फोड, त्यावर चिकटपट्टी. ती तिनेच लावली होती. त्या मंगळवारी सकाळी.

"भिंगरी," ती म्हणाली.

"ओ," तिच्या हातातली भिंगरी म्हणाली.

पडद्यामागच्या टाचा हळूच खाली टेकल्या.

ती धावली. म्हणजे तिने धावायला पाऊल उचललं, पण हात मागे ओढला गेला. भिंगरी जागची हलली नव्हती. एवढ्याशा बोटांत इतकी ताकद.

"सोड!"

"रस्ता आहे म्हणालीस. सोडायचा नाही म्हणालीस."

"आता सोड! सोड म्हणते ना!"

बोटं लगेच उघडली. तिने तीन ढांगांत पडदा गाठला आणि ओढला. कड्या खणखणल्या. खिडकी. गज. बाहेर रिकामी गल्ली, उन्हात वाळणाऱ्या चादरी. काचेवर तिच्या कमरेच्या उंचीला वाफेचा एक पांढरा गोल होता, मध्ये नाकाचा ठसा. तो बघता बघता कडांकडून आत आटत गेला, आणि काच स्वच्छ झाली.

"काय हो, काय झालं?" दारातून मावशी.

भिंगरी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. "ती नाही येणार तुझ्याबरोबर," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिची आई आली की जाणार ती."

"मीच आहे ना तिची आई." ती गुडघ्यांवर बसली. पोरीचे दंड तिने घट्ट धरले होते. "मीच आहे ना?"

भिंगरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. घाई न करता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. ती स्वतः फोटो तपासताना बघायची, तसं.

"जवळजवळ," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर आले ना तुझ्याबरोबर."

८

घरी नवरा केस कापून आला होता. मान फार गोरी दिसत होती. "कुठे गेला होतात दोघी?" त्याने विचारलं.

"सहज, पाय मोकळे करायला," ती म्हणाली.

तो आंघोळीला गेला. ती लॅपटॉपसमोर बसली. टेस्टरचा निरोप येऊन पडला होता: गिऱ्हाईक म्हणतंय, नेमका की मिळताजुळता हे लोकांना दाखवू नका, उगाच गोंधळ होतो, आधीचं वर्णनच छान होतं, तेच ठेवा.

स्वतःचा फोटो घाल त्यात, नवरा म्हणाला होता. अल्बम समोर उघडाच होता. लग्नातली ती, बाळंतपणानंतरची सुजलेली ती, गेल्या आठवड्यात आरशासमोरची ती. एक बटण दाबलं की प्रत्येकीखाली एक शब्द आला असता. तिने बोट बटणावर ठेवलं. बाथरूममध्ये पाणी सुरू झालं. नवरा काहीतरी गुणगुणत होता. हाच सूर तो नेहमी गुणगुणायचा का, हे तिला काही केल्या आठवेना.

तिने बोट उचललं.

उद्या, तिने स्वतःला सांगितलं. उद्या नेहमीसारखं हिला पाळणाघरात सोडायचं. संध्याकाळी वेळेवर जायचं, फोन घरी ठेवून. आणि उचलायच्या आधी पांघरूण बाजूला करून नीट, अगदी नीट तोंड बघायचं. पण कुणाचं कुणी बघायचं, इथे येऊन तिचा विचार अडखळला आणि पुढे सरकेना.

तिने नवी ओळ पुसली. जुनं वाक्य जिथून काढलं होतं तिथे परत लिहिलं, शब्दाला शब्द. 'रिकाम्या हाती परत येऊ नये.' मग ते पाठवून दिलं. पलीकडून लगेच अंगठा आला.

मान वर केली तेव्हा भिंगरी खिडकीशी होती. कुणी सांगितलेलं नसताना. टाचा उचलून चवड्यांवर उभी, नाक काचेला चिकटलेलं, समोर पांढरा गोल. अगदी तशीच. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा, हाक ओठांवर आली.

"आई," भिंगरी मागे न वळता म्हणाली, "आता बरोबर जमलं?"